बुटक्या लोहारांची भट्टी आणि प्रांजलीचं स्थळ

॥ श्री ॥

जुनवानी, भिलाई
सोमवार, जेवण झाल्यावर

तीर्थस्वरूप सौ. सुशीलाताईच्या पायांशी धाकट्या बळीरामचा दंडवत (पत्रातूनच घालतो, खरा घातला तर उठवायला दोन माणसं लागतात), आणि तुझ्या यजमानांना, भैय्याजींना, नमस्कार.

इकडे आम्ही सगळे ठीक. वच्छलाची पाठ, माझे गुडघे आणि बोअरचा पंप, तिघेही कुरकुरत का होईना पण चालू आहेत. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी महिनाभर वाचायचं नाही आणि काळा चष्मा काढायचा नाही असं सांगितलंय, ते पाळ. तू कुणाचंच ऐकत नाहीस हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे, पण त्या बिचाऱ्या डॉक्टरला ते कोण सांगणार? म्हणजे हे पत्र तुला प्रांजलीच वाचून दाखवेल. (प्रांजली बेटा, सावकाश वाच आणि कंसातलंही वाच.) फोन का केला नाही असं तू विचारशील. ताई, फोनवर मी 'हॅलो' म्हणतो, शेवटी तू 'बरं, ठेवते' म्हणतेस, आणि मधलं सगळं तुझंच असतं. मला जे सांगायचंय ते लांबलचक आहे आणि त्यात हाडांचे सांगाडे आहेत.

तर मुद्द्यावर येतो. तू मला काम सांगितलं होतंस की मध्यस्थ भैयालालने आपल्या प्रांजलीसाठी आणलेलं दुर्गच्या मोहन नगरातलं स्थळ पाहून ये आणि दोन ओळींत कळव, हो की नाही. मुलगा प्रितम, रेल्वेत सिग्नलच्या कामावर, वडील फकिराजी गार्ड म्हणून रिटायर झालेले, मूळचे नागपूरकडचे. तुला हे स्थळ कावून आवडलं तेही तू सांगितलं होतंस: मध्यस्थाकडून आलंय, पत्रिका आली, फोटो आला, सगळं रीतीने. तुमच्या हिंगणघाटात शेजारच्या मुलीने नेटवर ओळख झालेल्या मुलाशी लग्न केलं तेव्हा तू त्यांच्याकडे हळदीकुंकवाला जाणं बंद केलंस, हे इथे जुनवानीतही सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा जबाबदारी मोठी होती. पोरीच्या जन्माचा प्रश्न, आणि पाहायला जाणार मी, ज्याने आजवर स्वतःच्या पसंतीने फक्त सायकल घेतली.

निघताना वच्छलाने दारातच अडवलं. "पोराले नुसतं पाहून येऊ नका जी. चहा पेताना सारेच सज्जन रायतात. त्याच्यासंगं बसून काई तरी करून पाहा, मंग समजते माणूस." आता सांग, परक्या तरण्या पोरासोबत मी काय करणार? कुस्ती? म्हणून पहिल्या रविवारी मी त्यांच्या बैठकीत जाऊन पोहे खात नुसता बसलो. फकिराजींनी मला आपली जुनी शिट्टी दाखवली. मी कौतुक केलं. (रेल्वेवाल्यांबद्दल माझं मत तुला माहीत आहे. आमच्या पोलादाच्या प्लांटचा माणूस आठ तास आगीसमोर उभा राहतो आणि घरी येऊन गप्प बसतो. हे लोक एक झेंडी हलवतात आणि जन्मभर सांगत राहतात.) मुलगा सभ्य, पाया पडला, पाणी आणून दिलं. यावरून काय ठरवायचं? शेवटी हिय्या करून विचारलं, "बेटा, सुट्टीच्या दिवशी काय करून रायते तू?" तो जरा लाजला आणि म्हणाला, "मामाजी, गेम खेळतो कंप्युटरवर. तुमी पाहता का? बसा ना, शिकवतो मी तुमाले." आणि ताई, मी बसलो. तेव्हापासून आजपर्यंत एकही रविवार मी घरी जेवलेलो नाही.

हा खेळ म्हणजे पत्ते नव्हेत की कॅरम नव्हे. एक मोठा मुलूख आहे, त्यात डोंगर, नद्या, जंगलं, आणि पाच जातींच्या फौजा. आपली फौज आपण निवडायची, गाव वसवायचं, धान्य पिकवायचं, किल्ला बांधायचा आणि दुसऱ्याचा पाडायचा. खेळणारे कुणी शेजारी बसलेले असतात, कुणी नेटवरून कुठल्या कुठून खेळतात, आणि उरलेल्या फौजा कंप्युटर स्वतःच चालवतो. मुलाची पारख ज्या गोष्टीवरून झाली ती या फौजांशिवाय तुला कळणार नाही, म्हणून त्या समजावून घे. (प्रांजली, आईने 'पुढे जा' म्हटलं तरी जाऊ नकोस.)

पहिली फौज रानपऱ्यांची. उंच, गोऱ्या, हजार हजार वर्षं जगणाऱ्या. लांबून असा बाण मारतात की समोरच्याला आपण मेलो हे सावकाश कळतं. दोष हा की जवळ गेलं की काही दम नाही, आणि जंगलातलं एक झाड कुणी तोडलं तर सगळी फौज रुसून बसते, मग त्यांची समजूत काढण्यात ऋतू जातो. भैय्याजींच्या सगळ्या आत्या मला तिथे एका जागी दिसल्या. दुसरी फौज घोडेस्वारांची. वेग असा की तुम्ही दार लावेपर्यंत ते आत आलेले असतात. पण त्यांना एका जागी राहवत नाही, कुठे वस्ती नाही, शेत नाही, जिथे उतरतील तिथलं धान्य फस्त करतात आणि पुढे जातात. वऱ्हाडी मंडळी म्हण ना. या दोन फौजा आमच्या डावात कंप्युटरकडे होत्या.

तिसरी कवटीसेना. सगळे हाडांचे सांगाडे. त्यांना धान्य लागत नाही, झोप लागत नाही, थंडी वाजत नाही, सुट्टी तर माहीतच नाही. तुमचा जो शिपाई मरेल तो उठून त्यांच्याकडे रुजू होतो. दोष दोनच. मोडलेलं हाड पुन्हा जुळत नाही, आणि त्यांना कुणाशी तह करता येत नाही. इतर फौजांना तहाचं बटण असतं, त्यांना ते दिलेलंच नाही. ही फौज नेटवरून कुणीतरी बाई चालवत होती. नाव इंग्रजीत काहीतरी होतं, मी तिला कवटीराणी म्हणायचो. काय ती बाई! एक सांगाडा वाया घालवणार नाही. सगळी जमवाजमव शांतपणे करणार, आणि आपण ताटावर बसलो की नेमकी चालून येणार. वाद नाही, धमकी नाही, सरळ बुरूज पाडायचा. तिचं खेळणं पाहून मला सारखं कुणाची तरी आठवण येत होती. (ताई, मी नाव घेतलेलं नाही.)

चौथी फौज माणसांची, ती प्रितमची. माणसांना खास गुण काहीच नाही आणि खास दोषही नाही, सगळ्यात आपले मधले. मी विचारलं, अशी बेचव फौज तू कावून घेतली? तर म्हणाला, "मामाजी, इनकी सडक अच्छी बनती है. आन् माणसानं तह केला का कोणाले सामान पाठवता येते." रक्त रेल्वेचं, दुसरं काय! साऱ्या मुलखात पोराने रस्ते बांधून ठेवले होते. किल्ला मात्र अर्धवट.

आणि पाचवी फौज बुटक्या लोहारांची. ताई, त्यांना पाहिलं आणि मला गहिवरून आलं. ठेंगणे, दाढीवाले, तोंडाला काजळी, आणि डोंगराच्या पोटात भली मोठी धगधगती भट्टी! म्हटलं, ही आपली माणसं. त्यांचं चिलखत कुणाला भेदता येत नाही, भिंत कुणाला फोडता येत नाही. दोष हा की पाय आखूड म्हणून कुठेच वेळेवर पोचत नाहीत, आणि भट्टीला लाकूड-कोळसा इतका लागतो की बस. पोराने सांगितलं, नाव टाका. मी नेहमीप्रमाणे पूर्ण टाकलं: बळीराम, रिटायर्ड, ब्लास्ट फर्नेस, जुनवानी. 'सध्या मुक्काम मोहन नगर' हेही लिहिणार होतो, पण जागा संपली.

मग मी शिस्त लावली. या खेळात लोक शिपायांना रात्रंदिवस राबवतात, ते मला पटेना. मी माझ्या बुटक्यांच्या तीन शिफ्ट केल्या, ए, बी आणि सी, आणि आळीपाळीने सुट्टी. त्यामुळे कवटीराणीने पहिला हल्ला केला तेव्हा एक शिफ्ट लढत होती, एक झोपली होती आणि एक आठवडी सुट्टीवर होती. दक्षिणेचा बुरूज गेला. फकिराजी मागच्या खुर्चीवरून खो खो हसले. प्रितम हसला नाही. (इथून लक्ष देऊन ऐक, मुलगा इथून कळायला लागतो.)

पुढच्या रविवारी खेळात हिवाळा आला. बर्फ पडायला लागलं, लाकूड संपत आलं. पोराने सांगितलं की हिवाळ्यात लोहारांची फौज घेणारे सगळेच भट्टी बंद करतात आणि ते लाकूड शिपायांना शेकायला देतात, वसंतात पुन्हा पेटवतात. त्यासाठी एक लाल बटणही आहे. ताई, माझं सगळं आयुष्य फर्नेसवर गेलंय. ब्लास्ट फर्नेस ही काय चूल आहे, भाकरी झाली की विझवायची? ती एकदा पेटली की वर्षानुवर्षं पेटती ठेवायची असते. दिवाळी असो, कुणाचं लग्न असो, कुणी मेलेलं असो. थंड पडली तर आतलं लोखंड आतच गोठतं, मग सुरुंग लावून फोडावं लागतं. मोहित जन्मला तेव्हाही मी फर्नेससमोर होतो, ते वच्छला अजून ऐकवते. आणि हा खेळ मला सांगतो, लाल बटण दाबा! मी म्हटलं, माझ्या हयातीत होणार नाही.

मग जे झालं ते तुला खरं वाटणार नाही. लाकूड संपलं तशी मी आधी दगडफेकीची यंत्रं मोडून भट्टीत घातली. मग शिपायांच्या खाटा. मग कोठाराचं छप्पर. बुटके थंडीने पटापट मरायला लागले, आणि मेलेला प्रत्येक बुटका पलीकडे सांगाडा होऊन उभा राहू लागला. (माझ्या बी शिफ्टचा चार्जमन, म्हणजे मुकादमच, पलीकडच्या रांगेत दिसला तेव्हा मला भडभडून आलं.) शेवटी किल्ल्याचा लाकडी दरवाजाच मी भट्टीत घातला. फकिराजींना ते पाहवेना. ते खुर्चीतून उठले. "अवो, बंद करा ना जी ते भट्टी! लोकं मरून रायले तुमचे! बिन दरवाज्याचा किल्ला कोणं पायला हाय का?" मीही चिडलो. म्हटलं, तुमची गाडी तुम्ही लाल झेंडी दाखवून थांबवू शकता, आमचं काम थांबत नसते. दोन घराण्यांची सोयरीक तिथेच मोडायची, ताई.

तेव्हा प्रितम एवढंच म्हणाला, "बाबा, राहू द्या. भट्टी त्यायची हाय, त्यायले माहीत." आणि पुढच्या फेरीला त्याच्या रस्त्यावरून लाकडाने भरलेल्या गाड्या माझ्या किल्ल्याकडे यायला लागल्या. त्या फेरीला आल्या, नंतरच्या फेरीला आल्या, येतच राहिल्या. मी मागितल्या नव्हत्या. तो त्याबद्दल बोललाही नाही. मला वाटलं असेल त्याच्याकडे जास्तीचं. नंतर सहज त्याच्या बाजूला पाहिलं तर त्याच्या राजधानीची तटबंदी लाकडाची होती, आणि तीच उतरवून तो मला पाठवत होता. थोड्या वेळाने घोडेस्वार आले आणि त्याची राजधानी लुटून गेले. पोराने कपाळाला आठी घातली नाही. मला म्हणाला, "मामाजी, पोहे घ्या ना आखीन." त्याक्षणी ताई, मी पोह्यांची बशी खाली ठेवली. घरी माझा मोहित आहे, त्याला मी पंप चालू कर म्हटलं तर 'पापा, यूट्यूब देख लो' म्हणतो. आणि हा परका पोरगा एका खुळ्या म्हाताऱ्याची खोटी भट्टी पेटती राहावी म्हणून स्वतःचं राज्य घालवून बसला होता.

तरी मी निःपक्षपाती माणूस आहे, दोषही सांगतो. मराठी बोलता बोलता हिंदीच्या रुळावर जातो आणि परत यायला वेळ लावतो. पोह्यावर शेव इतकी घेतो की पोहे शोधावे लागतात. केस लवकर विरळ होतील, फकिराजींकडे पाहून कळतं. किल्ला बांधायचा कंटाळा आहे, तेव्हा घर बांधायची वेळ आली की मला बोलवा. आणि कुणाला नाही म्हणता येत नाही. पण आपल्या प्रांजलीला ते भरपूर येतं, म्हणजे घरात दोन्ही असेल. एवढ्यावर भैयालाल मला बाजारात भेटून म्हणतो कसा, "बळीरामजी, स्थळ भाचीसाठी पाहून रायले का सोतासाठी?"

डावाचं काय झालं ते सांगून पुरे करतो. कवटीराणीची सगळी फौज माझ्या बिनदरवाज्याच्या किल्ल्यापुढे येऊन उभी राहिली. आत फक्त सी शिफ्ट उरली होती, तीही अर्धी. एका फेरीत खेळ खलास होणार होता. मी चष्मा काढून ठेवला. आणि ती सगळी फौज मागे वळली आणि निघून गेली. कावून, ते मला विचारू नकोस. म्हणजे खरंच विचारू नकोस. भट्टी अजून चालू आहे.

तर ताई, दोन ओळींत उत्तर: मुलगा चांगला आहे. हो म्हण.

भैय्याजींना पुन्हा नमस्कार, प्रांजलीला आशीर्वाद, डोळ्यांत थेंब वेळेवर घाल, आणि वच्छलाने केलेलं लिंबाचं लोणचं येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती पाठवतो.

तुझा धाकटा,
बळीराम

ता. क. लग्नाची तारीख मात्र रविवारी धरू नकोस. रविवारी आमचा डाव असतो.

दुसरा ता. क. प्रांजली, हा भाग आईला वाचून दाखवायचा नाही. 'सर्वांना नमस्कार' म्हण आणि पुढचं मनात वाच. बाई गं, माझं नाव, खातं आणि गाव स्क्रीनवर स्वच्छ लिहिलेलं असताना सख्ख्या मामाचा बुरूज पाडताना तुझं बोट जरासुद्धा अडखळलं नाही? फौज मागे वळल्यावर स्क्रीनच्या कोपऱ्यात 'मामा, भट्टी चालू ठेवा' हे शब्द उमटले तेव्हा मी चष्मा पुन्हा लावून ते दोनदा वाचलं. प्रितम कानापर्यंत लाल झाला. मग मला ऑटोपर्यंत सोडायला आला आणि चप्पल घासत म्हणाला, "मामाजी, आमी लय दिवसापासून खेळून रायलो. पयले तिनं माझा किल्ला जाळला, मंग सॉरी म्हणाली. उसके बाद से बात होती है." त्याने स्वतःची पत्रिका भैयालालच्या हातात देऊन 'हिंगणघाटकडे पाहा जरा' असं सुचवायची युक्तीही तुम्हा दोघांचीच म्हणे. भैयालाल तर ते स्वतःचं संशोधन म्हणून भिलाईच्या साऱ्या सेक्टरमध्ये सांगत फिरतोय. तू फोनवर मला शपथ घातलीस की आईला सांगायचं नाही. मामा शब्दाचा पक्का आहे. मी तिला हे सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. रविवारी तुझं 'ऑफिसचं काम' नीट चालू दे, आणि माझा बुरूज बांधून दे.

तिसरा ता. क. ताई, आता तू. काल भैय्याजींचा फोन आला होता. त्यांच्याकडून कळलं की काळा चष्मा तू कधीच काढलास, काढल्याबरोबर तुला पंख्यावरची धूळ दिसली, आणि आलेलं प्रत्येक पत्र तू आधी देवघरात बसून स्वतः वाचतेस. मग पाकीट पुन्हा चिकटवून प्रांजलीकडे देतेस आणि ती काय गाळते ते डोळे मिटून ऐकतेस. म्हणजे हे सगळं तू प्रांजलीच्या आधी वाचलंयस. मी कुणाला काही सांगितलेलं नाही, फक्त पोरीला पत्र लिहिलं, ते तुझ्या हाती पडलं त्याला मी काय करू? आता पत्र फाडायला उठू नकोस. आधी बस, पाणी पी. तू रागावशील म्हणून ही दोघं इतका मोठा डाव खेळली, ताई. रीत पाळायची म्हणून बिचाऱ्यांनी मध्यस्थ उभा केला, पत्रिका जुळवली, मामा पाठवून घेतला. तुझ्या शब्दाला यापेक्षा जास्त मान कुणी दिला असेल, तर मला सांग. आणि ज्या पोरीला तहाचं बटणच नव्हतं, ती माझ्या दारातून फौज घेऊन परत गेली. ती तुझीच पोरगी आहे. तुलाही तसं करता येईल.

माझं मागणं एवढंच आहे. हे शेवटचं पान तेवढं काढून देवघरात ठेव, बाकीचं पत्र होतं तसं घडी घालून पाकिटात ठेव. उद्या प्रांजली पत्र वाचायला बसेल, लोणच्यापर्यंत येईल, पहिला ता. क. वाचून हसेल, मग जरा अडखळेल, 'सर्वांना नमस्कार' म्हणेल आणि घाईघाईने घडी घालेल. तेव्हा तू डोळे मिटूनच म्हण, "बळीरामले कळव, भट्टी चालू ठेव म्हणा."